संगणक जोडणी, बिनतारी थेट

दोन किंवा अधिक संगणक, तारा अथवा राउटर (निरनिराळ्या जाळ्यांमधील माहितीची वाट ठरविणारे स्वतंत्र उपकरण) मध्ये न घेता, केवळ रेडिओ तरंगांच्या साहाय्याने परस्परांना जोडणे व त्यांपैकी एकाला मिळणारी इंटरनेट सेवा दुसऱ्यालाही उपलब्ध करून देणे, या योजनेस संगणकांची बिनतारी थेट जोडणी म्हणतात. अशा जोडणीने निर्माण होणारे जाळे कायमस्वरूपी नसते. गरजेपुरते उभारले जाते व गरज संपताच मोडते. म्हणून त्याला ‘तदर्थ जाळे’ असेही म्हणतात. ज्या संगणकाकडे इंटरनेटची मूळ जोडणी असते त्याला या नोंदीत ‘यजमान’ व जो तिचा वाटेकरी होतो त्याला ‘अतिथी’ संगणक असे म्हटले आहे.

या योजनेत दोन स्वतंत्र कार्ये अंतर्भूत असतात. पहिले कार्य म्हणजे दोन संगणकांमध्ये रेडिओ दुवा प्रस्थापित करणे. दुसरे म्हणजे त्या दुव्यावरून आलेली अतिथीची मागणी यजमानाने पुढे इंटरनेटकडे पाठवून उत्तर परत पोहोचते करणे. पहिले कार्य साधले तरी दुसरे आपोआप साधत नाही. जोडणी झालेली दिसते, परंतु इंटरनेट मिळत नाही, अशी अडचण वारंवार येते तिचे मूळ बहुधा या भेदात असते.

इतिहास : संगणकांमध्ये रेडिओद्वारे माहितीची देवाणघेवाण करणारे पहिले महत्त्वाचे जाळे हवाई विद्यापीठात नॉर्मन एब्रॅमसन व त्यांचे सहकारी यांनी उभारले. ‘अलोहानेट’ या नावाने ओळखले जाणारे हे जाळे १९७१ मध्ये कार्यान्वित झाले. बेटांमध्ये पसरलेल्या अग्रांना मध्यवर्ती संगणक वापरता यावा, हा त्याचा हेतू होता. सर्व केंद्रे एकाच कंप्रतेवर (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येवर) प्रेषण करीत; दोन संदेशांची टक्कर झाल्यास दोन्ही केंद्रे यदृच्छया ठरलेल्या कालावधीनंतर आपापला संदेश पुन्हा पाठवीत. या साध्या पद्धतीत मार्गाची जास्तीत जास्त सु. १८ टक्के क्षमताच उपयोगात येते. तथापि मध्यस्थाच्या परवानगीशिवाय अनेकांनी एकच मार्ग वापरण्याची कल्पना येथून रूढ झाली. रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या ईथरनेट या तारजोडणीच्या पद्धतीलाही या कल्पनेचाच आधार होता. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९७०–८० या दशकात चालविलेल्या पॅकेट रेडिओ प्रकल्पात स्थिर केंद्राशिवाय, फिरत्या वाहनांमधूनही जाळे उभारता येते हे दिसून आले.

घरगुती वापराच्या दृष्टीने निर्णायक घटना १९८५ मध्ये घडली. त्या वर्षी अमेरिकेच्या संघीय संदेशवहन आयोगाने औद्योगिक, वैज्ञानिक व वैद्यकीय कामांसाठी राखून ठेवलेले काही कंप्रता पट्टे कमी शक्तीच्या संदेशवहनासाठी परवान्याशिवाय खुले केले. त्यांत २.४ गिगॅहर्ट्झच्या पट्ट्याचा समावेश होता. यानंतर विद्युत् व इलेक्ट्रॉनिकी अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने (आयईईई) १९९० मध्ये समिती नेमली व तिच्या कामातून १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक प्रसिद्ध झाले. त्यात सेकंदास १ व २ मेगॅबिट असे दोन वेग होते आणि प्रवेशकेंद्राशिवाय संगणकांनी परस्परांशी बोलण्याची तरतूद आरंभापासूनच होती. १९९९ मधील ‘बी’ आवृत्तीने वेग ११ मेगॅबिटपर्यंत नेला. त्याच वर्षी उत्पादकांची संघटना स्थापन होऊन ‘वाय-फाय’ हे नाव प्रचारात आले. पुढे २००३ मध्ये ‘जी’ (५४ मेगॅबिट) व २००९ मध्ये ‘एन’ या आवृत्त्या मान्य झाल्या.

दुसऱ्या कार्याची, म्हणजे सेवेच्या वाटपाची, साधने याच सुमारास सर्वसामान्यांच्या हाती आली. लिनक्स या परिचालन प्रणालीत (संगणकाच्या घटकांचे नियंत्रण करणाऱ्या मूलभूत आज्ञावलीत) ती १९९०–२००० या दशकाच्या मध्यापासून होती. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत १९९९ मध्ये व ॲपलच्या प्रणालीत २००२ मध्ये ती समाविष्ट झाली. भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. तेव्हा दूरध्वनीच्या तारेवरून एका वेळी एकाच संगणकास जोडणी मिळे. घरात दुसरा संगणक आल्यावर दुसरी जोडणी घेण्यापेक्षा पहिलीच वाटून घेण्याची गरज यातूनच उत्पन्न झाली.

रेडिओ दुवा : २.४ गिगॅहर्ट्झ कंप्रतेच्या तरंगांची तरंगलांबी सु. १२.५ सेंमी. व ५ गिगॅहर्ट्झच्या तरंगांची सु. ६ सेंमी. असते. आकाशकाचे (अँटेनाचे) आकारमान तरंगलांबीशी निगडित असल्यामुळे तो संगणकाच्या आवरणात सहज सामावतो. हे तरंग लाकूड व पातळ विटांची भिंत यांतून बऱ्याच अंशी आरपार जातात. लोखंडी सळ्यांचे काँक्रीट, जाड दगडी भिंत, धातूचे कपाट व पाण्याची टाकी यांमुळे मात्र ते लक्षणीय प्रमाणात क्षीण होतात. ५ गिगॅहर्ट्झचे तरंग भिंतींमध्ये अधिक शोषले जातात, म्हणून त्यांचा पल्ला कमी असतो; परंतु त्या पट्ट्यात जागा अधिक असल्याने वेग जास्त मिळू शकतो. सूक्ष्मतरंग भट्टी (मायक्रोवेव्ह ओव्हन) सु. २.४५ गिगॅहर्ट्झवर चालत असल्याने ती सुरू असताना जवळपासच्या दुव्यात व्यत्यय येतो.

२.४ गिगॅहर्ट्झच्या पट्ट्याचे प्रत्येकी ५ मेगॅहर्ट्झ अंतरावर मार्ग पाडलेले आहेत. प्रत्यक्ष संदेश मात्र सु. २० मेगॅहर्ट्झ रुंदी व्यापतो. त्यामुळे शेजारचे मार्ग एकमेकांवर चढतात व १, ६ आणि ११ हे तीनच मार्ग परस्परांना बाधा न आणता वापरता येतात. दाट वस्तीच्या इमारतीत पल्ल्यापेक्षा मार्गाची निवडच बहुधा अधिक महत्त्वाची ठरते.

रेडिओमार्ग एकच असल्यामुळे दोघांनी एकाच वेळी बोलू नये याची व्यवस्था करावी लागते. तारेवर टक्कर झाल्याचे प्रेषकाला लगेच कळते. रेडिओत मात्र स्वतःच्या प्रबळ प्रेषणापुढे दुसऱ्याचा क्षीण संदेश ऐकूच येत नाही. म्हणून टक्कर ओळखण्याऐवजी ती टाळण्याचा मार्ग स्वीकारलेला आहे. प्रत्येक संगणक प्रथम मार्ग मोकळा आहे का ते ऐकतो, ठराविक काळ (‘बी’ आवृत्तीत ५० मायक्रोसेकंद) थांबतो, त्यापुढे २० मायक्रोसेकंदांच्या यदृच्छया निवडलेल्या संख्येइतका आणखी थांबतो आणि मगच प्रेषण करतो. संदेश नीट पोहोचल्यास ग्राहक संगणक लगेच पोच देतो. पोच न आल्यास तोच संदेश पुन्हा पाठविला जातो. या थांबण्यात व पोच देण्यात बराच काळ जात असल्याने ११ मेगॅबिटच्या दुव्यावर प्रत्यक्षात त्याच्या सु. निम्म्या वेगानेच माहिती जाते.

जोडणीचे प्रकार : राउटरशिवाय दुवा प्रस्थापित करण्याचे तीन प्रमुख प्रकार आहेत.

(१) तदर्थ प्रकार : यात सर्व संगणकांचा दर्जा समान असतो. जो प्रथम जाळे सुरू करतो तो त्याला नाव देतो, मार्ग निवडतो व जाळ्यासाठी यदृच्छया एक ओळख-क्रमांक तयार करतो. जाळ्याचे अस्तित्व जाहीर करणारा लघुसंदेश साधारणपणे दर १०२.४ मिलिसेकंदांनी प्रक्षेपित करावयाचा असतो. कायमचे केंद्र नसल्यामुळे हे काम सर्व संगणक वाटून घेतात. प्रत्येकजण यदृच्छया काही काळ थांबतो व ज्याची पाळी प्रथम येते तो ते प्रक्षेपित करतो. जाळे सुरू करणारा निघून गेला तरी उरलेल्यांचे जाळे चालू राहते, हे या प्रकाराचे वैशिष्ट्य होय. मात्र अनेक उत्पादकांनी त्यात नवे वेग व प्रभावी कूटलेखन (माहिती गुप्त लिपीत रूपांतरित करणे) यांची पुरेशी सोय केली नाही व तो हळूहळू मागे पडला. विंडोज ८ (२०१२) मध्ये तो सुरू करण्याची नेहमीची खिडकी काढून टाकण्यात आली.

(२) आज्ञावलीने घडविलेले प्रवेशकेंद्र : यात यजमान संगणकाचा रेडिओच आज्ञावलीच्या साहाय्याने प्रवेशकेंद्राचे काम करतो. अतिथीच्या दृष्टीने हे नेहमीच्या वाय-फाय जाळ्यासारखेच असते. त्यामुळे नवे वेग व नवी सुरक्षा दोन्ही उपलब्ध होतात. विंडोज ७ (२००९) मध्ये ही सोय आज्ञा टंकलिखित करून वापरता येत असे. २०१६ मधील विंडोज १० च्या सुधारित आवृत्तीत ‘मोबाइल हॉटस्पॉट’ या नावाने ती सोपी करण्यात आली. तीत आठपर्यंत उपकरणे जोडता येतात.

(३) वाय-फाय डायरेक्ट : हे मानक २०१० मध्ये प्रचारात आले. यात दोन उपकरणे प्रथम वाटाघाट करतात. प्रत्येक उपकरण गटप्रमुख होण्याची आपली इच्छा ० ते १५ या अंकांत सांगते. ज्याचा अंक मोठा ते प्रवेशकेंद्राची भूमिका घेते. छपाईयंत्र, दूरचित्रवाणी संच व भ्रमणध्वनी यांच्या थेट जोडणीत या प्रकाराचा पुष्कळ वापर होतो.

सेवेच्या वाटपाचे तत्त्व : इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला अंकीय पत्ता असावा लागतो. प्रचलित चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ बिटांचा असून असे सु. ४२९ कोटी पत्ते संभवतात. जगातील यंत्रांच्या मानाने ही संख्या अपुरी पडणार हे १९९० नंतर लगेच स्पष्ट झाले. त्यावर दोन उपाय योजण्यात आले. पहिला असा, की काही पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवावयाचे. १० ने, १९२.१६८ ने व १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे पत्ते असे आहेत (१९९६). ते लाखो घरांत एकाच वेळी वापरले जातात, परंतु सार्वजनिक इंटरनेटवर कधीही चालत नाहीत. दुसरा उपाय पत्तांतराचा (१९९४) : खासगी पत्त्यावरून निघालेल्या संदेशावर बाहेर पडताना सार्वजनिक पत्ता चढवावयाचा.

थेट जोडणीत हे पत्तांतर यजमान संगणक करतो. समजा, यजमानाचा बाहेरचा पत्ता २०३.०.११३.५, आतला १९२.१६८.१३७.१ व अतिथीचा १९२.१६८.१३७.२५ आहे. अतिथीने एखादे संकेतस्थळ मागितले म्हणजे त्याच्या संदेशावर स्वतःचा पत्ता व त्या संवादापुरता एक द्वारक्रमांक, उदा., ५०,०००, असतो. यजमान तो संदेश घेतो, अतिथीचा पत्ता खोडून आपला बाहेरचा पत्ता लिहितो, नवा द्वारक्रमांक, उदा., ६१,०००, देतो व ही जोडी आपल्या कोष्टकात नोंदवितो. उत्तर ६१,००० या द्वारक्रमांकावर येते. यजमान कोष्टक पाहून ते १९२.१६८.१३७.२५ च्या ५०,००० या द्वाराकडे वळवितो. एकच बाहेरचा पत्ता असलेल्या चाळीत पोस्टमनने आणलेली पत्रे खोलीक्रमांक पाहून वाटून देणाऱ्या व्यवस्थेशी या क्रियेचे साम्य आहे. द्वारक्रमांक १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पर्यायांचा, असल्यामुळे एका पत्त्यावर अनेक संगणकांचे हजारो संवाद एकाच वेळी चालू शकतात.

कोष्टकात नोंद असलेल्या संवादाचेच उत्तर आत येऊ शकते. बाहेरून स्वतःहून आलेला संदेश कोणासाठी आहे हे यजमानाला कळत नाही. त्यामुळे अतिथी संगणकास काही प्रमाणात आपोआप आडोसा मिळतो. मात्र अतिथीवर बाहेरून थेट पोहोचावयाचे असेल, तर तीच गोष्ट अडचणीची ठरते. अतिथीला पत्ता देणे व संकेतस्थळांच्या नावांचे अंकीय पत्त्यांत रूपांतर करून देणे, ही आणखी दोन कामे यजमानालाच करावी लागतात.

जोडणीची पद्धत : व्यवहारात पुढील क्रम पाळला जातो. (१) यजमानाची मूळ इंटरनेट जोडणी (तार, मोडेम, भ्रमणध्वनी इ.) स्वतंत्रपणे व्यवस्थित चालते याची खात्री करतात. (२) यजमानावर बिनतारी जाळे सुरू करून त्याला नाव व परवलीचा शब्द देतात. (३) मूळ जोडणी या जाळ्याकडे वाटण्याची परवानगी यजमानाच्या परिचालन प्रणालीत देतात. (४) अतिथीवर पत्ता ‘आपोआप मिळावा’ असे ठेवून ते जाळे निवडतात. (५) अतिथीला मिळालेला पत्ता तपासतात.

शेवटच्या तपासणीतून बहुतेक दोषांचे निदान होते. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असल्यास रेडिओ दुवा जुळला आहे, परंतु यजमानाकडून पत्ता मिळालेला नाही असे समजावे. वाटपाची परवानगी दिलेली नसणे किंवा यजमानाच्या संरक्षक आज्ञावलीने (फायरवॉलने) विनंती अडविणे ही त्याची नेहमीची कारणे होत. पत्ता योग्य असून केवळ नावाने संकेतस्थळे उघडत नसतील, तर दोष नामरूपांतराचा असतो. यजमानाची मूळ जोडणी व नवे जाळे या दोहोंत एकाच मालिकेतील खासगी पत्ते असल्यास संदेश कोणत्या बाजूला पाठवावा हे यजमानास ठरविता येत नाही. अशा वेळी एका बाजूची मालिका बदलावी लागते.

मर्यादा : यजमान संगणक बंद झाला किंवा ऊर्जा वाचविण्यासाठी निद्रावस्थेत गेला की अतिथीची सेवा तत्काळ खंडित होते. यजमानास मूळ सेवाही त्याच रेडिओवरून मिळत असेल, तर प्रत्येक संदेश हवेतून दोनदा जातो व वेग सु. निम्मा होतो, काही प्रणाली अशा वाटपास मुभाच देत नाहीत. मूळ जोडणी तारेची किंवा वेगळ्या उपकरणाची असणे म्हणून श्रेयस्कर. ५ गिगॅहर्ट्झच्या काही मार्गांवर रडारला प्राधान्य असते व रडार ओळखू न शकणाऱ्या उपकरणास तेथे जाळे सुरू करता येत नाही.

सुरक्षा व जबाबदारी : तारेतील माहिती चोरण्यासाठी तारेपर्यंत पोहोचावे लागते, रेडिओ तरंग भिंतीपलीकडे कोणालाही मिळतात. प्रारंभीच्या ‘वेप’ या कूटलेखन पद्धतीतील मूलभूत दोष स्कॉट फ्लूरर, इत्सिक मान्टिन व आदी शमीर यांनी २००१ मध्ये दाखवून दिले. तिची जागा क्रमाने डब्ल्यूपीए (२००३), डब्ल्यूपीए-२ (२००४) व डब्ल्यूपीए-३ (२०१८) या पद्धतींनी घेतली. तदर्थ प्रकारच्या जुन्या उपकरणांत मात्र अनेकदा ‘वेप’चाच पर्याय मिळतो, अशी जोडणी असुरक्षितच समजली पाहिजे.

पत्तांतरामुळे उद्भवणारा दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. बाहेरच्या जगाला अतिथी दिसतच नाही. त्याने केलेली प्रत्येक कृती यजमानाच्या पत्त्यावर नोंदली जाते. जुलै २००८ मध्ये अहमदाबाद येथील बाँबस्फोटांपूर्वी प्रसारमाध्यमांना आलेल्या धमकीच्या ई-पत्राचा माग नवी मुंबईतील एका घरगुती इंटरनेट जोडणीपर्यंत पोहोचला. तेथील वाय-फाय जाळे असुरक्षित होते व जोडणीधारकास मोठ्या चौकशीला तोंड द्यावे लागले. यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय जाळी सुरक्षित राखण्याविषयी सेवादात्यांना सूचना दिल्या. ते जाळे राउटरचे होते. तथापि स्वतःचा संगणक यजमान करणाऱ्यालाही तोच धोका लागू पडतो. किंबहुना येथे तो दुहेरी असतो, कारण अनोळखी अतिथी थेट यजमानाच्या संगणकाशीच जोडला जातो आणि वाटपासाठी खुल्या ठेवलेल्या धारिकाही (फायलीही) त्याच्या हाती लागू शकतात. म्हणून लांब व अंदाज न येणारा परवलीचा शब्द ठेवणे, धारिकांचे वाटप बंद ठेवणे आणि गरज संपताच जाळे बंद करणे, ही या योजनेची आवश्यक अंगे मानली जातात.

भारतात २.४ गिगॅहर्ट्झच्या पट्ट्यात कमी शक्तीची उपकरणे परवान्याशिवाय वापरण्याची मुभा जानेवारी २००५ च्या नियमांनी मिळाली. ५ गिगॅहर्ट्झमधील विस्तृत पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये खुला करण्यात आला.

उपयोग व सद्यःस्थिती : थेट जोडणीच्या तत्त्वाचा विस्तार जाळीदार रचनेत झाला आहे. तीत प्रत्येक संगणक शेजाऱ्याचा संदेश पुढच्याकडे पोहोचवितो. ‘एक मूल, एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाच्या संगणकांत अशी सोय होती; एकाला मिळालेली इंटरनेट सेवा इतरांपर्यंत पोहोचावी असा तिचा हेतू होता. या प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट या गावच्या लहान प्राथमिक शाळेत झाला.

राउटर स्वस्त झाल्यामुळे व २०१० नंतर स्मार्टफोनमध्येच सेवावाटपाची सोय आल्यामुळे घरगुती संगणकास यजमान करण्याची गरज कमी झाली आहे. तत्त्व मात्र तेच आहे. खिशातील फोन यजमानाची सर्व कामे करतो. चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. १२८ बिटांच्या सहाव्या आवृत्तीत प्रत्येक यंत्रास स्वतःचा सार्वजनिक पत्ता देता येत असल्याने पत्तांतराची आवश्यकता पुढे ओसरण्याचा संभव आहे. परंतु तसे झाल्यास अतिथीला पत्तांतरामुळे मिळणारा आडोसाही नाहीसा होईल व प्रत्येक यंत्राला स्वतःचे संरक्षण स्वतःच करावे लागेल. राउटर बंद पडला असता, प्रवासात, क्षेत्रीय संशोधनाच्या ठिकाणी अथवा आपत्तीच्या काळात उपलब्ध असलेली एकच जोडणी अनेकांच्या उपयोगी आणण्याचे साधन म्हणून बिनतारी थेट जोडणीचे महत्त्व कायम आहे.